किंगफिशसाठी तरंगता लुअर घ्यावा की बुडता?

लुअरच्या, म्हणजे माशासारख्या दिसणाऱ्या नकली आमिषाच्या, खोक्यावर कोपऱ्यात कुठेतरी बारीक अक्षरांत 'फ्लोटिंग' किंवा 'सिंकिंग' छापलेलं असतं. नवखा माणूस रंग बघतो, डोळे बघतो, लांबी बघतो आणि नेमका हाच शब्द वाचायचा राहून जातो. किंगफिशच्या मागे जाताना मात्र रंगाच्या आधी तो वाचावा. रंग थोडा इकडेतिकडे झाला तरी मासा लागतो. पण मासे दहा मीटर खाली फिरत असताना तुम्ही वर पाणी घुसळत बसलात, किंवा वर झडपा पडत असताना लुअर खाली खडकात नेऊन अडकवलात, तर महागातला महाग लुअरही कामाचा नाही.

इथे किंगफिश म्हणजे पिवळ्या शेपटीचा यलोटेल किंगफिश, शास्त्रीय नाव सेरिओला लालांदी. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियाचा दक्षिण भाग आणि दक्षिण आफ्रिका इथल्या किनाऱ्यांवर हा मिळतो. जपानमधला हिरामासा हा त्याचाच जवळचा भाऊबंद, आणि स्टिकबेट, म्हणजे लांबट, निमुळता लुअर, फेकून असे मासे पकडायचं तंत्र जपानी गळकऱ्यांनीच घडवलं. गळाच्या खेळातला या माशाचा विक्रम ५२ किलोचा आहे, तोही न्यूझीलंडच्या पाण्यातला. सुरमईलाही इंग्रजीत किंगफिश म्हणतात, पण ती वेगळी. सुरमईचे दात दोर कापतात, म्हणून तिच्यासाठी लुअरच्या पुढे तार लावतात. यलोटेलचे दात बारीक आणि खरखरीत असतात. ते लीडर (मुख्य दोर आणि लुअर यांच्या मधला जाड दोर) घासून काढतात, पण कापत नाहीत. त्यामुळे इथे तार लावू नका. तारेच्या वजनाने तरंगत्या लुअरचं नाक खाली ओढलं जातं आणि त्याची चाल बिघडते.

फरक कळतो तो लुअर थांबल्यावर

पुष्कळांना वाटतं की तरंगता लुअर वर चालतो आणि बुडता खाली. हे अर्धंच खरं आहे. तरंगता स्टिकबेट ओढला की पाण्यात शिरतो आणि पृष्ठभागाखाली हातभर खोलीवर नागमोडी पोहतो. बुडता स्टिकबेट जोरात गुंडाळला तर तोही वर येऊन जवळपास त्याच थरात पोहायला लागतो. म्हणजे चालू असताना दोघांमधलं अंतर फार नसतं. तुम्ही ओढायचं थांबवलं की मगच त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. तरंगता वर येतो आणि पाठ पाण्याबाहेर काढून पडून राहतो. बुडता थरथरत, कुशीवर डोलत खाली जातो.

किंगफिशला हा थांबण्याचा क्षण फार आवडतो. तो टोळीने शिकार करतो, भक्ष्याला कळपातून फोडतो आणि दमलेल्या, घोटाळलेल्या माशावर तुटून पडतो. पळणारा मासा अचानक अडखळला की टोळीतला एखादा तरी पुढे झेपावतो. म्हणून पाण्यावर गेल्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: माझा लुअर अडखळेल तेव्हा तो वर जायला हवा की खाली? पुढचं सगळं या प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठीच आहे.

आणखी एक गोष्ट. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड असतं, साधारण अडीच टक्क्यांनी. हा फरक किरकोळ वाटतो, पण जो लुअर घरच्या बादलीत अगदी हळू बुडतो तो समुद्रात मध्येच लटकून राहू शकतो. त्यामुळे बादलीतल्या चाचणीवर विसंबू नका. खाऱ्या पाण्यात, बोटीच्या किंवा धक्क्याच्या कडेला, गळ आणि लीडर लावून लुअर सोडा आणि तो कसा बसतो ते डोळ्यांनी बघा.

तरंगता लुअर: पॉपर आणि स्टिकबेट

तरंगत्या लुअरचे दोन प्रकार तुमच्या कामाचे आहेत. पॉपरचं तोंड वाटीसारखं खोलगट असतं. दांडीचा झटका दिला की ते पाणी पुढे ढकलतं, 'भुडुक' असा आवाज होतो आणि मागे फेसाचा पट्टा राहतो. पॉपर म्हणजे हाक. खाली, लांब कुठे मासे असतील तर त्यांना वर काय चाललंय ते बघायला लावणं हे त्याचं काम. पुष्कळदा किंगफिश पॉपरवर येतात, बघतात आणि तोंड न घालता माघारी जातात. ते आले एवढी माहितीही मोलाची असते. मात्र मोठा पॉपर दिवसभर ओढणं खांद्याला झेपत नाही. तो अधूनमधूनच काढावा.

तरंगत्या स्टिकबेटचं तोंड निमुळतं असतं. त्याला पुढे जीभ, म्हणजे ओढल्यावर लुअरला डोलवणारी पट्टी, नसते, त्यामुळे तो आपोआप पोहत नाही. त्याला पोहायला लावावं लागतं, आणि नवखा इथेच अडतो. पद्धत अशी:

फेकल्यावर लुअर पाण्यावर पडला की आधी सैल दोर गुंडाळून घ्या. दांडीचं टोक खाली, पाण्याच्या जवळ आणि लुअरच्या दिशेला ठेवा. मग दांडी बाजूला, कमरेच्या उंचीवरून, लांब आणि सलग ओढा. झटका देऊ नका. ओढ सुरुवातीला हळू आणि पुढे वाढत जाणारी असावी, म्हणजे लुअरचं नाक आधी पाण्यात शिरतं आणि मग अंग वळायला लागतं. नीट शिरला की मागे बुडबुड्यांची रेघ दिसते. ओढ संपली की दांडी परत लुअरकडे नेता नेता सैल दोर गुंडाळा. तेवढ्या वेळात लुअर वर येतो. तो वर आला की पुन्हा ओढा.

लुअर पाण्यात न शिरता उड्या मारत आला तर तीन गोष्टी तपासा: ओढ फार जोराची होती का, दांडीचं टोक फार वर होतं का, आणि लुअर लाटेच्या माथ्यावर असताना ओढलं का. तिसऱ्या कारणाकडे लोकांचं लक्ष जात नाही. लाट लुअरच्या खालून निघून जाऊ द्या, तो उतारावर आला की मग ओढा. हे जमायला थोडा वेळ लागतो, पण एकदा हाताला कळलं की विसरत नाही. वाऱ्याने दोराला बाक येत असेल तर टोक आणखी खाली आणा.

थांबा किती ठेवायचा? मासे पेटलेले असतील तर नावापुरता. ते सुस्त असतील तर लुअर पूर्ण वर येऊन स्थिर होईपर्यंत थांबा, आणि त्यानंतरही एक-दोन सेकंद जाऊ द्या. लुअर नुसता पडलेला असताना खालून स्फोट झाल्यासारखं पाणी उडतं, ते याच थांब्यात.

बुडता लुअर: मोजायला शिका

बुडता स्टिकबेट शिकायला सोपा आणि नीट वापरायला अवघड. सोपा यासाठी की फेकून साधा गुंडाळला तरी तो बऱ्यापैकी पोहतो. अवघड यासाठी की तो कुठे आहे ते दिसत नाही. तुमचं सगळं काम अंदाजावर चालतं, म्हणून अंदाज पक्का हवा.

त्यासाठी बुडण्याचा वेग मोजून ठेवा. स्वच्छ पाण्यात, खाली वाळू असलेल्या आणि खोली माहीत असलेल्या जागी लुअर सरळ खाली सोडा आणि तळाला टेकेपर्यंत मनात आकडे मोजा. पाच मीटर पाणी असेल आणि लुअर टेकायला दहा आकडे लागले, तर तो दर आकड्याला अर्धा मीटर जातो. हे प्रत्येक बुडत्या लुअरसाठी एकदा करा आणि खोक्यावर लिहून ठेवा. एकाच लांबीच्या, एकाच कंपनीच्या दोन लुअरमध्येही फरक निघतो. शिवाय लांब फेकल्यावर पाण्यातल्या दोराचा अडथळा वाढतो, त्यामुळे लुअर मोजलेल्या वेगापेक्षा जरा हळूच खाली जातो.

फेकल्यावर दोर पूर्ण मोकळा सोडू नका. बोट दोरावर हलकं टेकवून ठेवा, म्हणजे लुअरशी संपर्क राहतो. तो हव्या त्या खोलीवर पोचला की लांब ओढी द्या, किंवा सलग गुंडाळता गुंडाळता मध्येच दांडी ओढा. तीन-चार ओढींनंतर दोन-तीन आकडे थांबा, लुअरला पडू द्या, पुन्हा उचला. अशा जिन्यासारख्या चालीने तो एकाच फेकीत वेगवेगळे थर चाळतो.

पडताना चावा येतो तेव्हा हाताला झटका बसेलच असं नाही. खाली जाणारा दोर मध्येच थबकतो, किंवा उलट एकदम वेगाने पळायला लागतो. दोन्हींचा अर्थ एकच. तसं दिसलं की सैल दोर झटपट गुंडाळा आणि वजन लागलं की दांडी उचला.

बुडत्या लुअरला एक मर्यादाही आहे. पंचवीस-तीस मीटर खाली मासे असतील तर तो तिथे पोचेपर्यंत बोट वाहत पुढे जाते आणि लुअर तिरका कुठेतरी भलतीकडे निघतो. तेवढ्या खोलीचं काम जिगचं, म्हणजे धातूच्या जड लुअरचं. जिग खाली सोडायची आणि उभी वर आणायची. स्टिकबेटच्या हट्टापायी तिथे वेळ घालवू नका.

पाण्यावर पोचल्यावर निवड

सर्वात आधी बोटीचा वेग कमी करा आणि बघा. पक्षी सूर मारताहेत का? लहान मासे पाण्याबाहेर उडताहेत का? तसं असेल तर फार विचार नको, तरंगता लावा. दोन मिनिटांत खेळ दुसरीकडे सरकतो, तेवढ्यात लुअर पाण्यात हवा. मात्र कळपाच्या मधोमध बोट नेऊ नका आणि लुअरही मधोमध टाकू नका. कडेला, कळपाच्या पुढे टाका. टोळी कडेनेच फिरत असते, आणि कळपातून सुटलेला एकटा मासा तिला चटकन दिसतो.

वर काहीच हालचाल नसेल तर इको साउंडर (बोटीखालची खोली आणि मासे दाखवणारं यंत्र) बघा. मधल्या थरात, सात-आठ ते पंधरा मीटरच्या आसपास मासे दिसत असतील तर बुडता लावा. पण एक सवय लावून घ्या: बुडता पाण्यात टाकण्याआधी पाच-सहा फेकी पॉपरच्या किंवा मोठ्या तरंगत्या स्टिकबेटच्या करा. किंगफिश हा जिज्ञासू मासा आहे, बऱ्याच खालून बघायला वर येतो. वर येऊन घेतलेला मासा तुमच्या फायद्याचा असतो. का, ते पुढे येईलच.

जागेचा विचार यानंतर. किंगफिश वाहत्या पाण्याचा मासा. पाण्याखालचा खडकाचा सुळका, बेटाचं टोक, नांगरलेला बोया, खाडीच्या तोंडाचा खांब, अशा जागी प्रवाह जिथे येऊन आपटतो त्या बाजूला टोळी उभी असते. आडोशाची मागची बाजू नव्हे, पुढची. खडक पृष्ठभागाच्या जवळ असेल, म्हणजे वर दोन-चार मीटरच पाणी असेल, तर तरंगताच लावा. तो थांबला तरी अडकत नाही, आणि लाटा फुटून फेस होतो तिथपर्यंत नेता येतो. हाच खडक वीस मीटरवर असेल तर बुडत्याला वाव आहे. प्रवाह जोराचा असेल तर बुडता लुअर प्रवाहाच्या वरच्या बाजूला फेका, म्हणजे खडकाजवळ वाहत येईपर्यंत तो खाली गेलेला असतो. प्रवाहाच्या दिशेने फेकला तर दोर ताणला जातो आणि लुअर खाली जाऊच शकत नाही. बुडता लुअर बुडत नाही म्हणून कुरकुरणारे बहुतेक जण हेच करत असतात.

मग भक्ष्य बघा. लांबट, बारीक, पृष्ठभागालाच चिकटून राहणारे गारफिशसारखे मासे असतील तर लांब आणि सडपातळ तरंगता स्टिकबेट. मॅकरेलसारखे मधल्या थरातले, भरीव अंगाचे मासे असतील तर दोन्ही चालतात, पण थांबल्यावर खाली पडणारा लुअर जास्त खरा वाटतो. आणि किंगफिश जर बोटाएवढ्या पिलांवर तुटून पडले असतील तर मामला कठीण. मोठ्या लुअरकडे ते ढुंकूनही बघत नाहीत, आणि लहान तरंगता लुअर इतका हलका असतो की फेकला तरी दूर जात नाही. इथे लहान बुडता लुअर हेच उत्तर, कारण त्याच लांबीत त्याला जास्त वजन असतं. तो दूर जातो. मासे वर असले तरी चिंता नको: पडल्या पडल्या गुंडाळायला सुरुवात करा, तो वरच राहील.

वाऱ्याचंही तसंच. पाणी खवळलेलं असेल तर तरंगता लुअर लाटांवर गडगडतो, दर तीन ओढींमधल्या दोन वाया जातात. बुडता पाण्याला धरून राहतो. तेव्हा वर झडपा पडत असल्या तरी मी बुडताच लावेन आणि जोरात गुंडाळेन. उलट पाणी अगदी काचेसारखं स्थिर असेल तर जड लुअर दाणकन पडल्याने उथळ पाण्यातले मासे बिचकतात.

उथळ पाण्याचा विषय निघालाच आहे तर एक खास शिकार सांगतो. न्यूझीलंडच्या खाड्यांमध्ये उन्हाळ्यात किंगफिश वाळूच्या उथळ पट्ट्यांवर येतात आणि मोठ्या पाकटांच्या पाठीवर, त्यांच्या सोबतीने फिरतात. पाकट वाळू उकरत जातं, घाबरून उठलेलं भक्ष्य किंगफिशला आयतं मिळतं. दीड मीटर पाण्यात हे सगळं डोळ्यांना दिसतं. तिथे लहान तरंगता स्टिकबेट पाकटाच्या बराच पुढे आणि पलीकडे टाकायचा आणि आडवा, त्याच्या समोरून आणायचा. पाकटाच्या डोक्यावर टाकला तर पाकट आणि मासा दोघेही गेलेच म्हणून समजा. बुडता इथे वापरलात तर थांबता येत नाही, आणि थांबता आलं नाही तर निम्मी मजा गेली.

मासा मागे येतो, घेत नाही

हे रोज होतं. तीन-चार मासे बोटीपर्यंत लुअरच्या मागे येतात आणि वळून जातात. नवखा घाबरून ओढ हळू करतो. आधी उलट करून बघा: वेग वाढवा. पळणाऱ्याचा पाठलाग करणं या माशाच्या अंगात आहे. वेगाने नाही झालं तर एकदम थांबा. तरंगता असेल तर तो वर येऊन पडेल, बुडता असेल तर तोंडासमोरून खाली जाईल. अशा आलेल्या माशांसाठी मला बुडता अधिक विश्वासाचा वाटतो. वळून खाली निघालेल्या माशाच्या वाटेतच तो पडत जातो.

बोटीवर दोघे असाल तर एकाने पॉपर किंवा तरंगता मोठा स्टिकबेट चालवावा आणि दुसऱ्याने बुडता तयार ठेवावा. मासे पहिल्याच्या मागे आले की दुसऱ्याने लुअर त्यांच्या मागे टाकून पडू द्यायचा. एकटे असाल तर दोन दांड्या बांधून ठेवा, एकीला तरंगता, एकीला बुडता. लुअर बदलायला गाठ सोडून बांधेपर्यंत टोळी थांबत नाही.

गळ, लीडर आणि बिघडलेलं संतुलन

तरंगता लुअर ज्या गळांच्या वजनाचा हिशेब करून बनवलेला असतो, त्यापेक्षा जड गळ लावले तर तो पाण्यात खोल बसतो, आळशी होतो, कधी कधी बुडायलाच लागतो. फार हलके लावले तर उंच तरंगतो आणि ओढल्यावर शिरत नाही. तीन तोंडांचे ट्रेबल गळ काढून एकेरी गळ लावायचे असतील, आणि मासा सोडायचा असेल तर ते लावावेतच, तर जुन्या आणि नव्या गळांचं वजन छोट्या काट्यावर ताडून बघा. मागच्या गळाचं वजन सर्वात जास्त परिणाम करतं. पुष्कळ तरंगते स्टिकबेट शेपटी खाली आणि नाक वर करून तिरके बसावेत असेच बनवलेले असतात. मागचा गळ हलका झाला की ते आडवे होतात आणि चाल बदलते. बदल नेहमी वाईटच असतो असं नाही. खवळलेल्या दिवशी मागे किंचित जड गळ लावला तर तरंगता लुअर पाणी चांगला धरतो. पण ते ठरवून करावं, नकळत होऊ नये.

बुडत्या लुअरला गळाच्या वजनाने एवढा फरक पडत नाही. तो थोडा वेगाने बुडेल, इतकंच. वेग पुन्हा मोजा म्हणजे झालं.

लीडर नायलॉनचा की फ्लुरोकार्बनचा? फ्लुरोकार्बन पाण्यापेक्षा बराच जड, तो बुडतो. तरंगत्या लुअरपुढे तो नाक खाली ओढतो, म्हणून तिथे नायलॉन बरा. बुडत्याला दोन्ही चालतात. लीडर आणि लुअरच्या मध्ये मोठं क्लिपवालं स्विव्हल (फिरती कडी) लावू नका. अखंड कडी आणि मजबूत स्प्लिट रिंग (किल्ल्यांच्या कडीसारखी वेटोळ्याची कडी) पुरेशी. मुख्य दोर आणि लीडर जोडायला एफजी गाठ शिकून घ्या. ती बारीक होते आणि दांडीच्या कड्यांतून सहज जाते.

सामानाबद्दल थोडक्यात. मोकळ्या समुद्रात, खडकांजवळ पीई ५ किंवा ६ चा विणीचा दोर (पीई हे दोराच्या जाडीचं माप), ८० ते १०० पौंडांचा लीडर, साडेसात-आठ फुटांची दांडी आणि १६० ते २०० मिलीमीटरचे लुअर ही बरी सुरुवात. खाडीत, लहान माशांसाठी पीई ३, पन्नास-साठ पौंडांचा लीडर आणि १२०-१४० मिलीमीटरचे लुअर पुरतात. दांडीवर लिहिलेली फेकीच्या वजनाची मर्यादा मात्र पाळा.

मासा लागल्यावर

तरंगत्या लुअरवर पाणी उडालं की हात आपोआप दांडी उचलतो. उचलू नका. पुष्कळदा पहिल्या झडपेत माशाचा नेम चुकतो. लुअर जागेवर राहिला तर तो, किंवा टोळीतला दुसरा, लगेच परत येतो. वजन हाताला जाणवलं की मगच दांडी जोरात ओढा.

त्यानंतर मासा एकच गोष्ट करतो: तळाकडे, खडकाकडे धावतो. वर घेतलेला मासा फायद्याचा म्हटलं ते यासाठी. तरंगत्यावर लागलेल्या माशाला खडकापर्यंत सगळं पाणी कापून जावं लागतं, तुम्हाला तेवढे सेकंद जास्त मिळतात. बारा मीटर खाली बुडत्यावर लागलेला मासा कधी कधी खडकापासून शेपटीच्या दोन फटकाऱ्यांवरच असतो. म्हणून बुडता वापरताना ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा दोर किती सहज सुटेल ते ठरवणारा रिळाचा ब्रेक, आधीच घट्ट ठेवा आणि बोट चालवणाऱ्याला सांगून ठेवा की मासा लागताच बोट खोल पाण्याकडे घ्यायची. खडकावर उभे राहून फेकत असाल तर लाइफ जॅकेट घाला. आणि कुठेही असलात तरी चष्मा घाला, फेकण्याआधी मागे बघा. गळ लावलेला शंभर ग्रॅमचा लुअर हवेतून येतो तेव्हा तो कोणाला ओळखत नाही.

सोडायचा असेल तर गळाचे काटे आधीच पक्कडीने दाबून ठेवा, गॅफ (मासा ओढून घ्यायचा टोकदार आकडा) वापरू नका, मासा आडवा आणि पोटाखाली आधार देऊन धरा, शेपटीला लटकवू नका. ठेवायचा असेल तर नियम बघा. न्यूझीलंडमध्ये किंगफिश किमान ७५ सेंटीमीटरचा हवा, लांबी शेपटीच्या बेचक्यापर्यंत मोजायची, आणि माणशी दिवसाला तीनच. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये किमान लांबी ६५ सेंटीमीटर आणि दिवसाला पाच. नियम बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी त्या त्या सरकारी खात्याचं संकेतस्थळ उघडून बघायचं.

पहिल्या खोक्यात काय ठेवाल

सुरुवातीला दहा लुअर घेऊ नका. एक तरंगता स्टिकबेट मोठा, एक लहान, एक बुडता मोठा, एक लहान, आणि जमलं तर एक पॉपर. पाठ गडद आणि पोट फिकं असा साधा रंग सगळ्यांना चालतो. पहिले काही दिवस तरंगत्या मोठ्या स्टिकबेटवरच हात बसवा. त्याची चूक डोळ्यांना दिसते, त्यामुळे ती सुधारता येते. बुडत्याची चूक पाण्याखाली राहते आणि आपण समुद्राला दोष देतो.

घरी आल्यावर लुअर गोड्या पाण्यात धुवा, स्प्लिट रिंगा ताणल्यात का ते बघा, बोथट गळ बदला. लाकडी लुअर असतील तर रंगावरून नख फिरवा. दाताच्या ओरखड्यांनी लेप फुटला असेल तर लाकूड पाणी पितं, आणि महिन्यापूर्वी छान तरंगणारा लुअर हळूहळू खोल बसायला लागतो. तो पूर्ण वाळवा, मग लेपाचा हात द्या आणि पुढच्या खेपेला फेकण्याआधी पुन्हा एकदा खाऱ्या पाण्यात सोडून बघा.